पाचटावरचं पिवळं

अकरावीच्या पेपरात मी एक प्रश्न हमखास काढते: सपुष्प वनस्पती आणि स्लाइम मोल्ड यांची तुलना करा. मुलं पानावर मधोमध रेघ मारतात आणि दोन्ही बाजूंना भराभर लिहून मोकळी होतात. वनस्पतीला मूळ, खोड, पान, फूल. त्याला यातलं काहीच नाही. वनस्पती जागेवर उभी, ते सरकतं. वनस्पती उन्हावर स्वतःचं अन्न करते. ते कुजक्या पाचोळ्यातले जिवाणू गिळतं. वनस्पतीच्या अंगात असंख्य पेशी आणि प्रत्येकीला आपली भिंत. त्याचा अख्खा देह म्हणजे आत भिंतच नसलेला एक ओला गोळा. सोपा प्रश्न आहे. काठावरची मुलंसुद्धा त्यावर तरून जातात, म्हणून तर मी तो काढते.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं शिकवूनही मी स्लाइम मोल्ड कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पुस्तकातलं चित्र तेवढं पाठ. मराठीत त्याला श्लेष्मबुरशी म्हणतात, पण ते बुरशीच्या कुळातलंही नाही, त्यामुळे वर्गात मी इंग्रजी नावावरच भागवते. फुलझाडांचं तसं नाही. दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात सदाफुली आहे, जास्वंद आहे, कुंपणावर गोकर्ण चढवलेली आहे. आणि सासर तर फुलांचंच.

सासर भीमेच्या पलीकडे, मांडवगण फराट्याच्या शिवारात, वस्तीवर. मुख्य पीक ऊस, पण माझे थोरले दीर दसरा धरून एका तुकड्यात झेंडू करतात. नवरा मालगाडीवर आहे; सणाला त्याला सुट्टी मिळेल तो दिवस अजून उजाडायचा आहे. त्यामुळे झेंडूच्या तोडणीला मी एकटीच जाते, पिशव्या भरायला, डबे न्यायला, चहा करायला. तिथं मला सगळे मॅडम म्हणतात, दीरसुद्धा. त्यात अर्धा मान असतो आणि अर्धा टोमणा, आणि कोणत्या वेळी कोणता अर्धा चालू आहे हे मला अजून ओळखता येत नाही.

बांधाच्या पलीकडचं वावर चुलत दिरांचं. ते रांजणगावला कंपनीत, शिफ्टमध्ये. शेत सगळं चुलत जाऊबाईच बघतात. पाइपलाइन कुणाच्या हद्दीतून न्यायची यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. मी बाहेरून येणारी, मला ती बंदी कुणी लावली नाही. बांधावर भेट झाली की त्या मला विचारायच्या, "मॅडम, कवा आला?" आणि मी विचारायची, "ताई, बरं आहे ना?" एवढंच, पण ते मनापासून असायचं. गेल्या साली त्यांनीही पहिल्यांदाच झेंडू लावला होता. आमची तोडणी उरकली की बायांची तीच टोळी त्यांच्याकडे जाणार होती. दसरा एकदा टळला की त्या फुलाला कुत्रं विचारत नाही, हे त्यांना आणि आम्हालाही माहीत होतं.

नवरात्रात परतीचा पाऊस पडून गेला होता. दिरांनी सऱ्यांमध्ये उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, अंथरलं होतं, ओल टिकावी म्हणून. ते कुजून मऊ झालं होतं आणि त्याला गोडसर आंबूस वास सुटला होता. सकाळी बाया सरीत शिरल्या. टोळीची म्होरकी एक वयस्कर मावशी. तिचा शब्द बाकीच्या मोडत नाहीत. ती बांधाच्या कडेच्या सरीत थबकली.

"आगं बया, हे काय? हळद-भात वाटतोय."

झेंडूच्या बुडाशी, पाचटावर, ताटलीएवढं पिवळंधमक काहीतरी पसरलं होतं. ओलं, चकाकतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. उतारा उतरवून बांधावर ठेवतात तो असाच दिसतो. पण दिरांना तोडणीची घाई होती.

"हळद-भात कशाचा? कुत्रं वकलंय. रातभर हिकडंच भुकत व्हतं. चला, व्हा म्होरं."

बायांनी नाकं मुरडली, एकीनं लुगड्याचा काठ सावरला आणि सगळ्या पुढच्या झाडांकडे गेल्या. प्रश्न मिटला होता. मी तोंडाला कुलूप लावलं असतं तर तो मिटलेलाच राहिला असता.

पण मी तिथं गुडघे टेकून बसले होते. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते कितीतरी देखणं होतं. एका कडेला घट्ट साय, दुसऱ्या कडेला बारीक शिरांची जाळी, आणि त्या शिरा पाचटाच्या काड्यांवरून पुढं पुढं निघालेल्या. इतकी वर्षं मी ज्याच्याबद्दल बडबडत आले ते माझ्या सासरच्या वावरात येऊन बसलं होतं. मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता.

"नाही हो भाऊजी, ही ओकारी नाही," मी ओरडले. "हे जिवंत आहे!"

मावशी चार झाडं पुढं गेली होती. ती माघारी आली.

"जित्तं हाय?"

मग काय, माझा तास सुरू झाला. मी त्या बायांना तेच शिकवलं जे मुलांना शिकवते, तीच रेघ मधोमध मारून. हे झेंडूचं झाड बघा, म्हटलं, याला मूळ आहे, ते मातीत रुतलंय, त्याला हलता येत नाही. हे दुसरं बघा. याला मूळ नाही. पाय नाहीत, तरी हे चालतं. तोंड नाही, तरी खातं. डोकं नाही, पण खाणं कुठं आहे ते याला बरोबर सापडतं आणि त्या दिशेनं ते सरकतं. मधून तोडलंत तर दोन होतील. जवळ आणलेत तर पुन्हा एक.

बाया हातातली फुलं तशीच धरून ऐकत होत्या. वर्गात माझ्याकडे इतकं डोळे विस्फारून कुणी पाहत नाही. मला वाटलं, शिकवणं म्हणतात ते हे. मला आणखी चेव चढला. तुरीची एक काडी उचलून त्या पिवळ्याच्या कडेला खोचली आणि म्हटलं, "उद्या सकाळी या आणि बघा. हे या काडीपाशी नसेल. पुढं गेलेलं असेल."

त्या दिवशी बायांनी ती कडेची सरी तोडली नाही, आणि मला वाटलं, माझा नमुना जपावा म्हणून सोडली. इतकी मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता मी सरीत गेले. काडी होती तिथंच होती. पिवळं काडीपासून वीतभर सरकून आमच्या झेंडूकडे आलं होतं, आणि त्याच्या मागं, बांधाकडे, वाळत चाललेल्या शिरांचा फिकट माग राहिला होता. मी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. "बघा! म्हटलं होतं की नाही?"

टाळी माझी एकटीचीच वाजली. बाया सरीच्या तोंडाशीच उभ्या होत्या. आत कुणी आली नव्हती.

दिरांनी तो माग बांधापर्यंत नजरेनं मोजला. "म्हंजी तिकडनं आलं," ते म्हणाले.

"अहो, ओल त्या बाजूला जास्त आहे म्हणून तिकडं उगवलं असेल," मी म्हटलं.

"तिकडनं निघालं आन् हिकडं आलं. तुमीच म्हनला, बरोबर वाट काढतं म्हनून."

मी म्हणालेच होते. आता त्यांना एकेक आठवायला लागलं. श्रावणात कालवड गेली. परवा पाण्याची मोटार जळाली. मी मधे मधे बोलत होते, पण माझ्या बोलण्यातलं त्यांच्या उपयोगाचं तेवढंच त्यांनी कालच उचलून ठेवलं होतं. मागून एकीनं खालच्या आवाजात "करणी" म्हटलं, आणि तो शब्द एकदा निघाल्यावर बाकीच्यांनी तो पुन्हा उच्चारायची गरज उरली नाही.

"आमी लेकराबाळाच्या बाया हाव, दादा," मावशी दिरांना म्हणाली. "ह्या वावरात आमी हात घालायच्या न्हाई. आन् त्या तर न्हाईच न्हाई." तिनं बांधापलीकडे मान उडवली.

पलीकडे चुलत जाऊबाई उभ्या होत्या. आवाज ऐकून त्या बांधावर आल्या होत्या. त्यांच्या मागं त्यांचा झेंडू इतका भरला होता की पानं दिसत नव्हती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे होती, आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा आधी तापला आणि मग एकदम उतरला. "मी? मी कशाला आसलं करीन? माज्या पोरांच्या गळ्याची आन घिऊन सांगते."

शहरातल्या माणसाला यात एवढं काय आहे असं वाटेल. गावात बाईवर हा शिक्का बसला की तो पुसायला जागा नसते. तिच्या हातचा चहा लोक हसून नाकारतात. हळदी-कुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढं जातं. कुणाचं तान्हं मूल रडायला लागलं की ती आधी कुठं उभी होती ते आठवून पाहतात. कुणी तोंडावर काही बोलत नाही, त्यामुळे तिला भांडताही येत नाही. शिवाय त्यांचा झेंडू होता. तोडायला बाया नाही आल्या तर तो झाडावरच जाणार होता.

त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी सांगा की ह्यांना. तुमी शिकल्याल्या हाय. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. पुन्हा सगळं सांगितलं. हा साधा जीव आहे, पावसाळ्यात कुजक्या पाल्यावर येतो, दोन दिवसांत वाळून जातो, कुणाला काही करत नाही. करणी-बिरणी काही नसतं आणि असं कुणावर बोट ठेवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हेही ठणकावलं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. ती वाईट बाई नाही. तिनं मला सरळ, रोखठोक सौदा देऊ केला.

"काय करत न्हाई म्हनता ना? मग लावा बरं त्याला हात. तुमी हात लावला का आमी फुलांना लावतो. हितल्या बी आन् त्यांच्या बी."

याहून सोपी परीक्षा माझी कुणी घेतली नव्हती. मी वाकले. हात पुढं केला. बोटं त्या पिवळ्याच्या इतकी जवळ गेली की त्याचा गारवा लागल्यासारखा वाटला, आणि हात तिथंच थांबला.

त्या क्षणी मला माझा मुलगा दिसला. तो पुण्याला शिकायला आहे, दौंडहून रोज डेमूनं जातो, आणि दारात उभं राहू नको म्हणून कितीही सांगितलं तरी दारातच उभा राहतो. या वेळी गाडी पाटसच्या पुढं असेल, असं मनात आलं. आणि त्याला जोडून दुसरं आलं: चुकून काही झालं तर? एवढंच. पुरतं वाक्यही नव्हतं. वनस्पतिशास्त्राची पदवी, त्याच्यावरची पदवी, प्रश्नपत्रिकेतली ती रेघ, सगळं डोक्यात जागच्या जागी होतं आणि हात मात्र पुढं जाईना.

मी मान वर केली. सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या. चुलत जाऊबाईही.

"ग्लोव्हज नाहीत माझ्याकडं," मी म्हणाले.

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात. आयुष्यात मी कधी ग्लोव्हज घालून पाचट उचललं होतं? शेणात हात घातलेत, बेडूक फाडलेत, मुलांची ओकारी ओंजळीत झेललीय. मला भीती वाटली होती, साधी गावंढळ भीती. बघा, गावंढळ म्हणून पुन्हा मी ती गावावरच ढकलते आहे. भीती माझी होती. गावातल्या बायांना ती वाटते हे त्या उघड सांगत तरी होत्या.

मावशीनं नुसतं "हं" केलं आणि पदर कमरेला खोचला, जायच्या तयारीनं. ते पाहून चुलत जाऊबाई बांधावरून खाली उतरल्या. बोलणं बंद झाल्यापासून त्यांनी आमच्या वावरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या, ते पिवळं मूठभर उचललं आणि तळहातावर घेऊन सगळ्यांपुढं धरलं. त्यांनाही भीती वाटत होती. त्यांनाही मुलं आहेत.

"हे बघा. काय झालं? काय व्हतंय का मला?"

बाया एकदम मागं सरल्या. आणि मग मावशी अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाली, "जिनं टाकलं तिला कसं काय व्हईल, बाई? आता उचललंस ना, बरं केलंस. घिऊन जा तुझं."

मी "नाही, नाही, अहो ऐका" म्हणत होते. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. त्यांच्या हिशेबानं सगळं चोख जुळलं होतं. शिकलेल्या मॅडमनं हात आखडला म्हणजे ते खरं होतं. आणि हिनं उचललं म्हणजे ते हिचं होतं. माझा हात थांबला नसता तर जाऊबाईंना ते उचलायची वेळच आली नसती.

जाऊबाईंनी हात पाचटाला पुसला. उठल्या, आणि बांध चढून निघून गेल्या. रडल्या वगैरे नाहीत.

बाया आमच्या सरीत उतरल्या. जिनं टाकलं तिनंच उचललं, आता आमचं वावर स्वच्छ, असा त्यांचा निकाल. दुपारपर्यंत सगळा झेंडू तोडून झाला, पिशव्यांची तोंडं शिवून झाली, पिकअप पुण्याकडे गेला. दीर खुशीत होते. "मिटलं बघा मॅडम," ते म्हणाले. मी म्हणाले, तुम्ही जाऊन बायांना समजावा, नाहीतर त्यांचा माल जाईल. ते म्हणाले, "मी काय समजावनार? मला त्यातलं कळत न्हाई, तुमच्यावानी." या वेळी टोमणा किती आणि मान किती ते मला बरोबर कळलं. पलीकडच्या वावरात त्या दिवशी कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जाऊबाईंनी एकटीनं जमेल तेवढा तोडला, पण एका माणसाच्या आवाक्यातलं ते काम नव्हे.

दसऱ्याला मी दौंडला होते. दाराला तोरण लावायला आमच्याच झेंडूची पिशवी आली होती. मुलगा म्हणाला, आई, यंदा फुलं भारी आहेत. मी तोरण ओवलं आणि लावलं. त्याला काहीच सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार होते, तुझ्यासाठी घाबरले म्हणून?

दसरा झाल्यावर सुट्टी काढून मी पुन्हा गेले. घरी सांगितलं नाही, सरळ पलीकडच्या वावरात गेले. चुलत जाऊबाई जून झालेली फुलं खुडून सरीत टाकत होत्या. जुनी काढली की झाडाला नवा बहर येतो, दिवाळीला. मी पिशवी ठेवली आणि शेजारच्या ओळीत वाकले. त्यांनी मला हाकललं नाही, या म्हणूनही म्हटलं नाही.

"दिवाळीला येतील का बाया?" मी विचारलं.

"बघू. श्रीगोंद्याकडनं आणाव्या लागत्याल. हितल्या न्हाई यायच्या."

"ताई, त्या दिवशी मी..."

"आवं, तुमाला किळस आली आसंल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "चिकाट व्हतंच ते. तुमाला कुठं सवय आसल्याची."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. किती सोपी वाट. मला म्हणता आलं असतं, नाही ताई, किळस नव्हती, भीती वाटली. तुमच्यावर संशय नव्हता, पण भीती वाटली. तीन-चार शब्द होते फक्त.

"हो," मी म्हणाले. "किळसच आली."

त्यांनी मान हलवली आणि त्या पुढच्या झाडाकडे सरकल्या. त्यांना खरं माहीत होतं, हे त्या मान हलवण्यात दिसलं. मला तिथं बसवेना आणि उठवेना.

त्यांच्याही वावरात पाचट होतं. ओळीच्या शेवटी, झाडाच्या बुडाशी, मला तसलंच एक दिसलं. वाळून गेलेलं, वरून राखाडी पापुद्रा आणि आत तपकिरी भुकटी. आता ते कुठं सरकणार नव्हतं. मी काही विचार न करता वाकले आणि त्याच्यावर अख्खा पंजा टेकवला. पापुद्रा फुटला, भुकटी मनगटापर्यंत उडाली. "ताई," मी हाक मारली, "हे बघा. लावला हात."

त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दमलेलं माणूस पाहतं तसं.

"आता हितं कोन हाय बघायला, मॅडम?"

मी हात मागं घेतला आणि ओढणीला पुसला. भुकटी निघाली तरी पुन्हा एकदा पुसला, जरा जोरानं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मान वर केली तेव्हा त्या अजून माझ्या हाताकडेच बघत होत्या.